बंदी नको, भरपाई वेळेत द्या

‘डुकराचे मांस विकणेच बंद करा’ हे पत्र वाचले. त्यातली भीती अनाठायी आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग माणसाला होत नाही. स्वाइन फ्लू हा वेगळाच आजार. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर आसाम-अरुणाचलात शिरला आणि हजारो डुकरे दगावली. त्यावर उपचार नाही. विषाणू कच्च्या मांसात, रक्तात, गमबुटाला चिकटलेल्या चिखलातही तग धरतो. म्हणूनच हॉटेलचे खरकटे न उकळता डुकरांपुढे ओतणे धोक्याचे. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातली डुकरे मारावी लागतात. भरपाईची खात्री नसेल, तर पाळणारा आजारी जनावर रातोरात विकून मोकळा होतो आणि रोग पुढच्या गावात पोहोचतो. बंदीने ही चोरटी विक्री वाढेलच.

– एक निवृत्त पशुवैद्यक, पुणे