कतबा लिहिण्याचा हक्क कोणाचा?

ईदनंतर आमच्या ओळखीतले दोन सख्खे भाऊ आठवड्याच्या अंतराने घरी आले. दोघांच्या हातात एकेक कागद. अब्बांच्या कबरीवर कतबा लावायचा आहे, मजकूर तेवढा तपासून द्या. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे भोकरदनमध्ये लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत अशी कामे आमच्याकडे येतातच.

थोरल्याचा मजकूर उर्दूत. वर आयत, मग ‘अल्हाज’ आणि नाव, खाली दोन्ही मुलांची नावे. धाकट्याचा मराठीत, कारण त्याची मुले मराठी शाळेत जातात आणि दादांचे नाव त्यांना वाचता यावे असे त्याला वाटते. अम्मींचे किंवा बहिणीचे नाव एकाही कागदावर नव्हते. दोघांनी प्रश्न मात्र एकच विचारला, कायद्याने हक्क कोणाचा?

आम्ही सांगितले, दोघांचाही नाही. सार्वजनिक कब्रस्तान ही वक्फची जमीन. एकदा सार्वजनिक कब्रस्तान ठरले की ते वक्फच राहते, वापर थांबला तरी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली लब्बई प्रकरणात म्हटले आहे. तिथे दफन झाले म्हणून सहा फूट जागा वारसांच्या मालकीची होत नाही. कतब्यावर काय लिहावे हे वारसांपैकी कोणी ठरवायचे, याचे कलम १९९५ च्या वक्फ कायद्यात नाही. दगड लावायचा तर आधी मुतवल्ली किंवा कमिटीला विचारावे, होकार लेखी घ्यावा. रागाच्या भरात दुसऱ्याने लावलेला दगड उपटू नये. भावना दुखावण्याच्या हेतूने कब्रस्तानात शिरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

जुहूच्या कब्रस्तानात मधुबाला, मोहम्मद रफी यांच्या पक्क्या कबरी होत्या. मधुबालाच्या संगमरवरावर आयती कोरलेल्या होत्या. २०१० मध्ये नव्या मय्यतींना जागा हवी म्हणून त्या काढल्या गेल्या. एवढ्या नावाजलेल्या माणसांची ही गत, तिथे आपले काय!

शरीअतचे म्हणाल तर जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये कबर चुन्याने पक्की करायला आणि तीवर बांधकाम करायला मनाई आहे. तिर्मिजीच्या रिवायतीत लिहिण्याचाही उल्लेख येतो. दुसरीकडे, उस्मान बिन मजऊन (रजि.) यांच्या कबरीच्या उशाशी प्रेषितांनी (स.) ओळखीसाठी दगड ठेवला, असे अबू दाऊदमध्ये आहे. म्हणून कबर हरवू नये एवढ्यापुरते नाव लिहायला अनेक हनफी उलमांनी मोकळीक दिली. आयत नको, कारण पावसाचिखलात तिची बेअदबी होते.

खरा मुद्दा आम्ही शेवटी काढला. दगडाचे पैसे कुठून? अब्बांच्या बँकेतल्या रकमेतून, थोरला म्हणाला. कफन-दफनाचा खर्च मय्यतीच्या मालातून आधी निघतो हे बरोबर. पण संगमरवर म्हणजे कफन नव्हे. त्या रकमेत अम्मींचा आठवा हिस्सा आहे आणि उरलेल्यात बहिणीचा वाटा भावाच्या निम्मा. त्यांना न विचारता त्यांच्या पैशांतून दगड घ्यायचा, आणि त्यावर नावे फक्त मुलांची? (बहिणीने अब्बांची दीड वर्ष सेवा केली, हे सारा मोहल्ला जाणतो.)

दोघे गप्प झाले. पुढच्या जुम्याला चौघे एकत्र बसले, आम्हालाही बोलावले. अम्मी एवढेच म्हणाल्या, माझे नाव नको, मुलांचीही नकोत, त्यांचे पुरे. खर्च दोघा भावांनी आपापल्या खिशातून करायचा ठरला. वर उर्दूत नाव, खाली तेच मराठीत, आणि वफातची तारीख. आयतीचा हट्ट थोरल्याने सोडला. ‘अल्हाज’वर अजून अडले आहे. दगड कारागिराकडे पडून आहे आणि कमिटीला द्यायचा अर्ज आमच्या टेबलावर, सहीवाचून.