निमंत्रण आणि पावती

एका साहित्यविषयक व्याख्यानमालेच्या समारोपाचे निमंत्रण गेल्या वर्षी हाती आले. वर ठळक अक्षरांत 'आग्रहाचे निमंत्रण', मध्ये 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे', आणि अगदी तळाशी बारीक टाइपात 'भोजनशुल्क रु. ३५०, सभागृहाच्या दारात रोख द्यावे'. कार्यक्रम संपला, मंडळी जेवणाकडे वळली. माझ्या शेजारी बसलेली एम.ए.ची एक विद्यार्थिनी मात्र जागची उठली नाही. विचारले तेव्हा म्हणाली, "सर, आज उपवास आहे." वार बुधवार होता, एकादशी नव्हती की चतुर्थी नव्हती. मी पुढे काही विचारले नाही.

या प्रकाराबद्दल तक्रार केली की दोन ठरावीक उत्तरे मिळतात. संयोजक महागाईकडे बोट दाखवतात. संस्कृतीचे अभिमानी म्हणतात, अन्नाचे पैसे मागणे ही पाश्चात्त्यांची खोड, आपली परंपरा अतिथीला देव मानणारी. मला दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. पण दुसरे अधिक खोटे आहे, म्हणून आधी त्याचा समाचार घेतो.

अतिथीला देव मानण्याचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आहे. अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरूने केलेला तो उपदेश आहे, आणि तो सुंदरच आहे. परंतु पुढे हा अतिथी कोणाला ठरवले गेले, ते मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात पाहावे. ब्राह्मणाच्या घरी आलेल्या क्षत्रियाला तिथे अतिथी ही संज्ञाच लागू होत नाही. वैश्य वा शूद्र आला तर त्याला चाकरांबरोबर जेवू घालावे, असे सांगितले आहे. पान फुकट होते खरे, पण त्यावर बसण्याची किंमत जन्मानेच चुकती केलेली असावी लागे. फार मागे जायचे नसेल तर १८९० मधले पुण्यातले पंचहौद मिशनचे चहाप्रकरण आठवावे. मिशनऱ्यांनी चहा फुकट दिला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर केली, ग्रामण्य उभे राहिले आणि अखेर न्यायमूर्ती रानड्यांसारख्यालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहाच्या एका पेल्याला एवढा दर कोणत्याही उपाहारगृहाने अद्याप लावलेला नाही.

शिवाय घरातल्या फुकट पाहुणचाराचे बिलही कोणीतरी भरतच असे. 'स्मृतिचित्रे' वाचताना रेव्हरंड टिळकांच्या औदार्याचे आपण कौतुक करतो. ते औदार्य निभावून नेण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे होते. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर पुण्यात मित्रांसाठी सैल हाताने खर्च करतो, पैसा गावाकडच्या वडिलांचा असतो. म्हणून 'पूर्वी कोणी पैसे मागत नसे' या वाक्यातला 'कोणी' म्हणजे कोण, हे वर्गात एकदा तरी विचारायला हवे.

आणि वाटून खाण्याला पश्चिमेकडून आणण्याची गरजच नव्हती. गोपाळकाल्यात ज्याची त्याची शिदोरी एकत्र होते. अंगतपंगतीत प्रत्येक जण आपला डबा उघडतो. वर्गणी काढून हुरडा खाणाऱ्यांना किंवा भिशी लावणाऱ्यांना कधी अपमान वाटल्याचे ऐकिवात नाही. महाविद्यालयातली मुले 'टीटीएमएम' म्हणतात, तुझे तू, माझे मी; त्यातही रोकडा प्रामाणिकपणा आहे. या सगळ्यांत पाहुणा कोणीच नसतो, त्यामुळे यजमानही कोणी नसतो.

माझा आक्षेप पैशांना नाही, शब्दांना आहे. 'यजमान' हा यज् धातूपासून झालेला शब्द. जो स्वतःसाठी यज्ञ करवतो तो यजमान. सामग्री त्याची, ऋत्विजांची दक्षिणा त्याच्या गाठीची, म्हणून फळही त्याचे. आमच्या संयोजकांना फळ हवे आहे: आभाराच्या भाषणात नाव, व्यासपीठावर खुर्ची, दुसऱ्या दिवशी छायाचित्र. दक्षिणा मात्र पाहुण्याने द्यावी! वर्गणी मागायची असेल तर वर्गणीदाराला बरोबरीचा मान द्यावा लागतो, हिशेब दाखवावा लागतो, ताटात काय असावे हेही त्याला विचारावे लागते. निमंत्रिताला यातले काहीच द्यावे लागत नाही. 'आग्रहाचे निमंत्रण' हा शब्द म्हणून सोयीचा आहे: त्याने पैसे मिळतात आणि हिशेब टळतो.

चर्चासत्रांत हेच अधिक कठोरपणे घडते. युजीसीच्या २०१० च्या नियमावलीने एपीआय गुणांची पद्धत आणली आणि निबंधवाचन ही हौस न राहता नोकरीची गरज झाली. नियमांत पुढे बदल झाले, सवय मात्र राहिली. 'मान्यवर अभ्यासक' असे संबोधून पत्र येते आणि त्याच पत्रात चहा-भोजनासह नोंदणीशुल्क असते. कायम प्राध्यापकाला ते जाणवत नाही. तासिका तत्त्वावर राबणारा तरुण शिक्षक बहुधा तेवढीच रक्कम भरतो, आणि कित्येक तासिकांचे मानधन एका ताटापायी देऊन टाकतो. ते ताट त्याने मागितलेलेही नसते.

महागाई खरी आहे, हे मी नाकारत नाही. मग जेवण ठेवूच नये. चहा-बिस्किटांवर उत्तम व्याख्याने झालेली मी ऐकली आहेत, आणि श्रीखंड-पुरीनंतरच्या सत्रात अध्यक्षांना पेंगताना पाहिले आहे. जेवण ठेवायचेच असेल तर 'सशुल्क' हा शब्द पहिल्या ओळीत, 'आग्रहाचे' जिथे छापता त्याच टाइपात छापावा, आणि जेवण ऐच्छिक असल्याचे सांगावे. विद्यार्थ्यांना सवलत असेल तर ती दारातल्या टेबलावर, मागे रांग उभी असताना, मागायला लावू नये. हॉटेलात वाढदिवसाला बोलावून शेवटी बिलाचे भाग पाडणाऱ्यांबद्दल वेगळे लिहीत नाही. ते निदान मराठी साहित्याची सेवा करत असल्याचा दावा करत नाहीत.

त्याच व्याख्यानमालेचे यंदाचे निमंत्रण परवा आले. शुल्क ४०० झाले आहे, 'आग्रहाचे' जागच्या जागी आहे. मी संयोजकांना पत्र लिहून विचारले आहे, की मी येणार आहे तो पाहुणा म्हणून की वर्गणीदार म्हणून. वर्गणीदार म्हणून असेन तर गेल्या वर्षीचा हिशेब पाहायला मिळेल का. अद्याप उत्तर आलेले नाही.