अठरा महिन्यांनंतरचे मूल

एचआयव्हीबाधित मातेच्या बालकाची अठराव्या महिन्यातील अखेरची चाचणी निर्दोष ठरली, की सरकारी दप्तरात समाधानाची नोंद होते आणि एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्राचा त्या बालकाशी असलेला संबंध बहुधा तेथेच संपतो. हे समाधान अकारण नव्हे. औषधांविना शंभरांतील १५ ते ४५ बालकांना मातेकडून होणारा संसर्ग औषधोपचारामुळे पाचांच्या खाली आणता येतो, आणि २०१४ पासून आपल्याकडे प्रत्येक बाधित गर्भवतीस आजन्म उपचाराची तजवीज झाली आहे.

परंतु संसर्गातून सुटलेले मूल कुपोषणातूनही सुटले, असे मानण्यास आधार नाही. अशी बालके जन्मतः वजनाने हलकी व पुढे उंचीने खुरटी राहण्याचा संभव अधिक असतो. आणि ज्या घरी बाप निवर्तला आहे, आई गोळ्यांसाठी जिल्ह्याच्या गावी जाताना दिवसाची मजुरी बुडविते आणि अंगणवाडीतून बाळाच्या नावे आलेला शिधा चार तोंडांत वाटला जातो, तेथे याहून निराळे काय घडावे? ज्यांना संसर्ग झालाच, त्यांना तर वरकरणी प्रकृती ठीक असतानाही एक दशांश अधिक उष्मांक लागतात, आणि वजन उतरू लागले की ही गरज दीडपट ते दुपटीवर जाते.

दुधाविषयीचे अज्ञान याहून घातक. २००६ साली बोत्स्वानात अतिवृष्टीनंतर अतिसाराची साथ पसरली, तेव्हा बाटलीच्या दुधावरील अर्भके मोठ्या संख्येने दगावली. त्यानंतर २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने निःसंदिग्ध सांगितले, की औषधे नियमित चालू असता पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध द्यावे व पुढे वरच्या अन्नासह स्तनपान चालू ठेवावे. तरीही “अंगावर पाजू नकोस गं” असा सल्ला आजही कानी येतो, आणि वाटीभर दुधात वाटीभर पाणी घालून बाळाची भूक मारली जाते.

रुग्णाची ओळख उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे, ती सर्वस्वी योग्य आहे. म्हणूनच जादा आहारासाठी आजाराचा दाखला मागण्याची पद्धत कोठेही पडू देता कामा नये. वाढीच्या तक्त्यावरील रेघ दोन महिने आडवी राहिली, एवढेच कारण अंगणवाडी सेविकेस पुरेसे असावे. एआरटी केंद्रानेही आई गोळ्या न्यावयास येईल तेव्हा कडेवरचे मूल काट्यावर घ्यावे, चाचणी निर्दोष आली असली तरी, आणि हा परिपाठ पाचव्या वर्षापर्यंत चालवावा. त्यासाठी नवे खाते नको, आहे त्या नोंदवहीत वजनाचा एक रकाना वाढविण्याचा हुकूम शासनाने काढावा.