सेवा विद्यार्थ्यांची, जबाबदारी सरकारची

२०२५ च्या जुलै महिन्यात, १८ ते २० या तारखांना, वाराणसी येथील रुद्राक्ष सभागृहात केंद्र सरकारच्या युवक खात्याने एक परिषद भरविली. 'विकसित भारतासाठी नशामुक्त युवक' हा तिचा विषय. १२० हून अधिक आध्यात्मिक व सांस्कृतिक संघटनांचे सुमारे ६०० युवक प्रतिनिधी तिला हजर होते. समारोपाच्या दिवशी 'काशी घोषणापत्र' संमत झाले. व्यसनाधीनता हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, हे या घोषणापत्राने मान्य केले आणि विविध मंत्रालयांत समन्वय साधणारी राष्ट्रीय समितीही सुचविली. परंतु प्रत्यक्ष मोहिमेचा भार मुख्यतः युवकांच्या शपथा, जनजागृती आणि स्वयंसेवा यांवरच ठेवण्यात आला.

हे युवक प्रामुख्याने महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत. २०२० चे शैक्षणिक धोरण आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये आखून दिलेला पदवी अभ्यासक्रमाचा आराखडा यांमुळे इंटर्नशिप व समाजकार्य हे पदवीचे भाग झाले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'मेरा युवा भारत' ही संस्था स्थापन झाली आणि १५ ते २९ वयोगटातील तरुणांना वाहतूक सुरक्षा, जनऔषधी केंद्रे, आरोग्यप्रचार अशा कामांवर पाठविले जाऊ लागले. विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर पडावे, श्रमिकांच्या वस्तीत जावे, यात गैर काहीच नाही. उलट ते इष्टच आहे. प्रश्न वेगळाच आहे. जे काम सरकारने पगारी, प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकरवी करावयाचे, ते विद्यार्थ्याच्या अंगावर टाकून सरकार आपली जबाबदारी झटकत आहे काय?

'स्वयंसेवक' या शब्दाचा इतिहास

या शंकेला आधार आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. ती विद्यार्थ्याच्या घडणीची योजना होती. वर्षाला १२० तास सेवा, एवढीच तिची अपेक्षा. पुढे मात्र सरकारने या शब्दाचा निराळाच उपयोग शोधून काढला. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि 'आशा' सेविकांची भरती झाली. गावच्या आरोग्यव्यवस्थेचा कणा ठरलेल्या या स्त्रिया सरकारच्या लेखी आजही कामगार नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत. त्यांना वेतन नाही, मोबदला आहे. अशा योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने केली. ती अंमलात आली नाही, म्हणूनच महाराष्ट्रातील आशांना २०२३ व २०२४ मध्ये संपावर जावे लागले.

हीच पायरी आणखी एक खाली उतरली. ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक आशेच्या कार्यक्षेत्रात २ मुलगे व २ मुली असे ४ 'समवयस्क शिक्षक' असावेत, असे त्यात ठरले. यांना मोबदलाही नाही. पैशाव्यतिरिक्त अन्य प्रोत्साहन तेवढे द्यावयाचे. आता पाळी महाविद्यालयीन विद्यार्थ्याची आहे, आणि त्याच्या हाती पडते ते प्रशस्तिपत्र. २०२४ च्या अर्थसंकल्पात मोठ्या खाजगी कंपन्यांत इंटर्नशिप करणाऱ्या तरुणाला दरमहा ५,००० रुपये देण्याची योजना जाहीर झाली. त्यांतील ४,५०० रुपये सरकारी तिजोरीतून जाणार होते. कंपनीच्या दारी बसणाऱ्या तरुणासाठी पैसा आहे. रुग्णाच्या उशाशी उभे राहणाऱ्यासाठी नाही!

उपदेश आणि उपचार

व्यसनमुक्तीचेच उदाहरण घेऊ. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला कसला ना कसला उपचार मिळतो आणि दर १८० जणांपैकी एकालाच रुग्णालयात दाखल होता येते, असे तिने दाखविले. शपथ घेतल्याने हे प्रमाण बदलत नाही. ते बदलण्यासाठी खाटा लागतात, औषधे लागतात, मानसोपचारतज्ज्ञ व परिचारिका लागतात. शिवाय ज्या उत्तर प्रदेशात हे घोषणापत्र निघाले, त्याच राज्याच्या सरकारने २०२५-२६ च्या अबकारी धोरणात ५५,००० कोटी रुपये महसुलाचे उद्दिष्ट ठेवले आणि बिअर, वाइन व विदेशी मद्य एकाच छताखाली विकणाऱ्या दुकानांना मुभा दिली. एका हाताने दुकान उघडावयाचे आणि दुसऱ्या हाताने विद्यार्थ्याला दुकानाबाहेर फलक धरून उभे करावयाचे, असा हा व्यवहार आहे.

काशी घोषणापत्रानंतर अवघ्या ५ दिवसांनी, २५ जुलै २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधी निकाल दिला. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले, अशी सरकारी नोंद आहे. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असा आदेश न्यायालयाने दिला. या दोन घटनांतील अंतर ५ दिवसांचे, परंतु दोन दृष्टिकोनांतील अंतर फार मोठे. एकीकडे शपथ, दुसरीकडे पद. शपथ मोडली तर दोष तरुणाचा. पद रिकामे राहिले तर जाब संस्थेला द्यावा लागतो. सरकारला शपथ का रुचते, हे यावरून कळावे.

सुरक्षितता कोणाची, कोणाच्या अटीवर?

सुरक्षिततेच्या प्रश्नावर तर वाराणसीने देशाला धडाच दिला आहे. २१ सप्टेंबर २०१७ रोजी काशी हिंदू विद्यापीठाच्या आवारात एका विद्यार्थिनीचा विनयभंग झाला. दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनींनी लंका येथील सिंहद्वारावर धरणे धरले. रस्त्यावर दिवे लावा, पहारा ठेवा, तक्रारीची दखल घ्या, वसतिगृहांच्या वेळेत मुलगे व मुली असा भेद करू नका, या त्यांच्या मागण्या होत्या. म्हणजे सरकार आज ज्या सुरक्षेचा प्रचार विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ पाहते, तीच सुरक्षा या मुली मागत होत्या. २३ सप्टेंबरच्या रात्री त्यांना लाठ्या मिळाल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच परिसरातील तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थिनीवर रात्री अत्याचार झाला. हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तरी ३ आरोपींना अटक होण्यास सुमारे २ महिने लागले.

या विद्यापीठात गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांनी निवडून दिलेला विद्यार्थी संघ नाही. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत, असे अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम सांगतात. सुरक्षेचा खरा अभ्यासक्रम या समितीत आहे. विद्यार्थी जोवर केवळ प्रचारक असतो तोवर त्याचे कौतुक होते. तो हक्कदार म्हणून बोलू लागला की तो उपद्रवी ठरतो.

बहिष्कार हे उत्तर नव्हे

यावरून काही कार्यकर्ते असा निष्कर्ष काढतील की, हा सारा सरकारी देखावा आहे, त्यापासून दूर राहावे. हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. बजरडीहा किंवा मदनपुऱ्याच्या गल्लीत आरोग्याचे पत्रक घेऊन गेलेला विद्यार्थी तेथे काय पाहतो? ज्या खोलीत माग, त्याच खोलीत चूल आणि तान्हे मूल. हवेत सुताची धूळ. साडीमागे ठरलेली मजुरी, आणि मागणी मंदावली की तीही नाही. 'सकस आहार घ्या, मोकळ्या हवेत राहा' हे पत्रकावरील वाक्य त्याच्याच तोंडी अडखळते. त्या अडखळण्यातून जो प्रश्न उभा राहतो, तो विद्यार्थ्याला कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवितो. तेथे त्याच्याजवळ उत्तर देणारा साथी हवा.

दुसरी वाट शक्य आहे, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. १९५२ मध्ये कलकत्त्यात विद्यार्थी व तरुण डॉक्टरांच्या पुढाकाराने 'स्टुडंट्स हेल्थ होम' उभे राहिले. विद्यार्थ्यांकडून अल्पशी वार्षिक वर्गणी घेऊन त्यांनाच उपचार देणारी ही संस्था मौलाली येथे स्वतःच्या वास्तूत आली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. तेथे विद्यार्थी हा दयेचा विषय नव्हता किंवा फुकटचा प्रचारकही नव्हता. तो सभासद होता.

म्हणून विद्यार्थी व युवक आघाडीवरील साथींनी महाविद्यालयागणिक पुढील मागण्या हाती घेतल्या पाहिजेत. पदवीसाठी आवश्यक केलेल्या प्रत्येक इंटर्नशिपला विद्यावेतन व प्रवासखर्च मिळावा. विद्यार्थ्यास प्रशिक्षण आणि अपघात विमा द्यावा. रिक्त जागी विद्यार्थी उभा करून भरती टाळू नये. आरोग्य खात्यातील रिक्त पदे भरावीत. समुपदेशकाच्या नेमणुकीचा आदेश प्रत्येक महाविद्यालयात अंमलात आला की नाही, याची तपासणी करावी. तक्रार समित्यांवर निवडून आलेले विद्यार्थी असावेत. आणि आशा सेविकांना कामगार म्हणून मान्यता मिळावी.

ही शेवटची मागणी विद्यार्थ्यांची नाही, असे कोणी म्हणेल. परंतु आशा सेविकेचे वेतन आणि विद्यार्थ्याचे विद्यावेतन नाकारणारा युक्तिवाद एकच आहे: सेवेला मोल नसते. या युक्तिवादाला दोघांनी मिळून उत्तर दिले, तरच काशीच्या गल्लीत आणि मेळघाटच्या पाड्यावर आरोग्य हा उपदेशाचा विषय न राहता हक्काचा विषय होईल.