तास, तारीख, टक्का

‘वकील लुबाडतात’ हे वाक्य पानटपरीपासून ऑफिसच्या पँट्रीपर्यंत कुठेही टाका. दोन जण मान डोलावतात आणि तिसरा आपल्या काकांच्या जमिनीच्या दाव्याची गोष्ट सुरू करतो. मला हे वाक्य आळशी वाटतं. वकिलाच्या स्वभावावर खापर फोडलं की पुढचा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. तो प्रश्न असा : वकिलाच्या ऑफिसचा खर्च कशातून निघतो, आणि तो निघेनासा झाला की त्याची किंमत कोण चुकवतं?

पक्षकार चुकवतो. तीही बहुतेक वेळा त्याला न सांगता.

मी कायदा शिकलेलो नाही. सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. पण बिलिंग नावाची गोष्ट मला आतून माहीत आहे. आमच्याकडे तासावर पैसे मिळणार असतील तर मीटिंगा वाढतात, ठोक रकमेचं काम असेल तर टेस्टिंग कापलं जातं. माणसं तीच असतात, प्रामाणिकपणाही तोच असतो. पैसे मोजायचं माप बदललं की काम बदलतं. वकिलीत अशी तीन मापं चालतात : तास, टक्का आणि तारीख.

आधी तास. न्यूयॉर्क-लंडनच्या मोठ्या फर्म्समध्ये वकिलाचा दिवस सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत कापलेला असतो. अशा एका फर्मच्या टाइमशीटचं मॉड्यूल मी काही महिने सांभाळलं. दोन मिनिटांत लिहिलेला ईमेलही तिथे सहा मिनिटांचा होतो, कारण त्याहून लहान माप सिस्टीममध्ये नाहीच. ज्युनिअर वकिलाला वर्षाला 1,800 ते 2,000 तास बिल करायचं टार्गेट असतं. मग कागदपत्रं चाळण्याचं आठवड्याचं काम एका दुपारी उरकणारं सॉफ्टवेअर आलं, तर फर्मला आनंद व्हावा की धास्ती वाटावी? वाचलेला प्रत्येक तास म्हणजे बुडालेलं बिल.

या तासांवर किती मोठा डोलारा उभा असतो, ते 2012मध्ये जगाने पाहिलं. ड्यूई अँड लेबफ या न्यूयॉर्कच्या फर्ममध्ये एके काळी हजाराहून जास्त वकील होते. बड्या पार्टनरांना ठरावीक उत्पन्नाची हमी देऊन ठेवलेली होती. 2010मध्ये फर्मने 12.5 कोटी डॉलरचे रोखे विकून पैसे उभे केले आणि मे 2012मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा वेळी ज्याची केस अर्ध्यावर असते, त्याला नवा वकील शोधावा लागतो. नवा वकील फाइल पहिल्या पानापासून वाचतो आणि त्या वाचनाचेही तास लागतात.

यावर माझे स्टार्टअपवाले मित्र लगेच उपाय सुचवतात. वकिलाला निकालात हिस्सा द्या, जिंकला तर पैसे, हरला तर काही नाही. भारतात याला मनाई आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. 2017मध्ये तेलंगणातलं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. नवऱ्याच्या अपघाती मृत्यूची भरपाई मिळालेल्या बाईकडून वकिलाने फीसाठी चेक घेतला आणि तो वटला नाही म्हणून तिच्यावरच फौजदारी केस केली. कोर्टाने ती केस रद्द केली, टक्केवारीची फी बेकायदा ठरवली आणि या सगळ्यावर सरकारने कायदा करावा अशी अपेक्षाही व्यक्त केली.

मित्र म्हणतात, मनाई उठवा, स्पर्धा होऊ द्या. त्यांनी इंग्लंडमधल्या शेफिल्डकडे बघावं. तिथे ‘जिंकलो नाही तर फी नाही’ हा मार्ग कायदेशीर आहे. एसएसबी नावाच्या फर्मने त्या बोलीवर हजारो केसेस घेतल्या. सरकारी योजनांतून घराच्या भिंतींच्या पोकळीत थंडी अडवणारा थर भरलेला होता. पुढे भिंतींना ओल धरली, म्हणून लोकांनी भरपाई मागितली. फर्मने केसेस चालवायला बाहेरून कर्ज उचललं. जानेवारी 2024मध्ये ती कोसळली, तेव्हा देणी 20 कोटी पौंडांहून जास्त होती.

खरा फटका त्यानंतर बसला. इंग्लंडमध्ये हरणाऱ्याने समोरच्याचा कोर्टखर्चही द्यायचा असतो. त्यासाठी विमा काढलाय, काळजी नको, असं लोकांना सांगितलं गेलं होतं. ते कवच कामी आलं नाही आणि समोरच्या बाजूच्या हजारो पौंडांच्या बिलांचा तगादा थेट या साध्या घरमालकांमागे लागला. ओल आलेली भिंत होती तशीच राहिली. म्हणजे जोखीम फर्मने घेतलीय असं वाटत होतं, तेव्हाही ती पक्षकाराच्या घरातच ठेवलेली होती. बाजार खुला केला की सगळं सुटतं, हा समज आधी टाकून द्यायला हवा.

आणि तिसरं माप आपलं, घरचं. तारीख. तालुक्या-जिल्ह्याच्या कोर्टात कित्येक वकील हजेरीगणिक पैसे घेतात. तारीख पडते, साक्षीदार येत नाही, पुढची तारीख मिळते. वकिलाची हजेरी लागते आणि पक्षकाराची मजुरी बुडते, शिवाय एसटीचं तिकीट, टायपिंग, झेरॉक्स. दिवाणी दाव्याच्या सुनावणीत एका बाजूला तीनहून जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलेलं आहे. देशात पाच कोटींवर खटले पडून आहेत. त्याला न्यायाधीशांची कमतरता हे मोठं कारण आहे, मान्य. पण ज्या व्यवस्थेत लांबलेल्या दिवसाचे पैसे मिळतात आणि मिटलेल्या भांडणाचे मिळत नाहीत, तिथे घाई कोणाला असणार?

इथे वकिलाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तारखेचे पैसे घेणाऱ्या त्या माणसाला ऑफिसचं भाडं आणि कारकुनाचा पगार दर महिन्याला द्यावाच लागतो. पक्षकार फी थकवतो. ज्युनिअर तर वर्षानुवर्षं जवळपास फुकट राबतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024मध्ये परिपत्रक काढून ज्युनिअरना शहरात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये महिना द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, बांधील केलं नाही. पोट भरत नसलेल्या तरुण वकिलाच्या हातात तुमची फाइल असते, हे विसरू नका. त्याची चणचण तुमच्या केसमध्ये उतरतेच.

मग या पक्षकाराला संरक्षण काय? मोबाइल बिघडला तर तुम्ही ग्राहक मंचात जाता. वकिलाने मुदत चुकवली तर जाता येत नाही. मे 2024मध्ये सुप्रीम कोर्टाने वकिलांच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवलं. एक कारण असं दिलं की पक्षकाराचं वकिलावर बऱ्यापैकी थेट नियंत्रण असतं. हे वाक्य तालुका कोर्टाच्या आवारात टोपी हातात धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला वाचून दाखवा. त्याला अर्जात काय लिहिलंय हे माहीत नसतं, तो नियंत्रण काय ठेवणार? निष्काळजीपणाबद्दल साधा दावा लावता येतो, पण त्यासाठी दुसरा वकील लागतो. बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण तिथे वकिलांचा निवाडा वकीलच करतात.

माझी मागणी क्रांतिकारी नाही. फी लेखी ठरली पाहिजे आणि टप्प्यांवर ठरली पाहिजे : नोटीस, दावा दाखल करणं, पुरावा, युक्तिवाद. प्रत्येक टप्प्याची रक्कम आधी कागदावर, प्रत्येक पैशाची पावती, काम वाढलं तर तेही लेखी. ‘प्रत्येक केस वेगळी असते, आधी कसं सांगणार?’ असं वकील म्हणतील. प्रत्येक प्रोजेक्टही वेगळा असतो. आम्हीही अंदाज देतो, तो चुकतो, मग ग्राहकासमोर बसून हिशेब द्यावा लागतो. वकिलांना जाहिरातबंदी आहे, ती राहू द्या. पण दरपत्रक म्हणजे जाहिरात नव्हे. केशकर्तनालयाच्या भिंतीवर असतं, तेवढं वकिलाच्या ऑफिसातही लागायला काय हरकत आहे? आणि ज्युनिअरचं वेतन बंधनकारक करा, कारण उपाशी माणसाकडून पारदर्शकता मागणं ढोंग आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर क्रमांक टाकून प्रत्येक तारखेला काय झालं ते स्वतः बघा. फी थकली म्हणून वकील तुमची फाइल अडवून ठेवू शकत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगितलंय, हे लक्षात ठेवा. आणि घरातल्या बाईची केस असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा. स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळायचा हक्क 1987च्या कायद्याने दिलेला आहे.

रिक्षात बसताना आपण मीटर पाडायला सांगतो, तेव्हा रिक्षावाल्याला चोर म्हणत नसतो. भाडं कशावर मोजलं जाणार, एवढंच विचारत असतो. वकिलाच्या टेबलापाशी हा प्रश्न विचारायला आपली जीभ अडखळते, आणि ही सगळी व्यवस्था त्या अडखळण्यावर चालते.