फुलपाखरांना आधी पान वाढा

ग्वाल्हेरला बाग करायची म्हटली की आपण गुलाब आणि झेंडू लावतो. मग फुलपाखरे येत नाहीत म्हणून कुरकुरतो. फुले हा त्यांचा फराळ. संसार मात्र पानांवर! मादी अंडी घालते ती ठराविक झाडांवरच, कारण अळीला भलते पान चालत नाही.

लष्करातल्या मराठी घरी फोडणीपुरता कढीलिंब असतोच. आमच्याही आहे. त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी आली की आई ती काढून फेकी. एकदा मी एक मोठी हिरवी अळी डिवचली, तर डोक्यामागून नारिंगी शिंगे निघाली आणि उग्र वास सुटला! ती लिंबाळी फुलपाखराची अळी, हे मागाहून कळले. आता आई दोन फांद्या तिच्यासाठी सोडते.

रुईचे तसेच. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालायची आणि कुंपणाशी उगवलेली रुई मात्र उपटायची, हा कुठला न्याय? काळ्या कडांचे ते नारिंगी फुलपाखरू रुईवर वाढते. चिकातले विष अंगी भिनल्यामुळे पक्षीही त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत.

महाराष्ट्राने २०१५ साली ‘ब्ल्यू मॉर्मन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याच्याही अळ्या लिंबाच्याच जातीची झाडे खातात. मान द्यायचा तर पानेही द्यायला हवीत.

कॉलेजच्या आवारात एक कोपरा असा सोडावा. तिथे कीटकनाशक फवारू नये, कुरतडलेली पाने पाहून कोणी माळ्याला रागावू नये. प्राध्यापकांनी जागा मिळवून द्यावी. मे महिन्यातल्या पाण्याची पाळी आम्ही विद्यार्थी घेऊ.