विश्लेषण : तलफ आल्यावर श्वासाकडे लक्ष दिल्याने व्यसन सुटते का?

उपचार घेऊन दारू सुटली, दोन-तीन महिने बरे गेले आणि गटारीला किंवा एखाद्या वरातीत पुन्हा पहिला पेला हातात आला. हा अनुभव अनेक कुटुंबांच्या ओळखीचा आहे. घरच्यांना तो विश्वासघात वाटतो, तर व्यसनी व्यक्तीला स्वतःचाच राग येतो आणि त्या रागातून दुसरा पेला भरला जातो. सुटलेले व्यसन पुन्हा लागू नये, यासाठी औषधे आणि समुपदेशनाच्या जोडीला ‘माइंडफुलनेस’ म्हणजे सजगतेच्या सरावाचा वापर गेली दोन दशके वाढतो आहे. मोबाइलवरील ध्यानाच्या अ‍ॅपमुळे हा शब्द घराघरांत पोहोचला आहे. मात्र त्याचा व्यसनमुक्तीत नेमका उपयोग किती, आणि कुठे तो धोक्याचा ठरू शकतो, हे समजून घेणे गरजेचे आहे.

व्यसन पुन्हा का लागते?

अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेनुसार, उपचारानंतर व्यसन उलटण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के आहे. उच्च रक्तदाब किंवा दमा या आजारांतही उपचार सोडल्यास त्रास पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण जवळपास असेच असते. म्हणजे व्यसन उलटणे हा केवळ इच्छाशक्तीचा पराभव नसून दीर्घकालीन आजाराचा तो एक भाग आहे.

मेंदूच्या पातळीवर हे चक्र साधे आहे. पगाराचा दिवस, जुना मित्र, नाक्यावरचा गुत्ता, भांडण किंवा एकटेपणा यापैकी काहीही निमित्त ठरते. निमित्त मिळाले की तलफ येते, तलफ आली की अस्वस्थता वाढते आणि नशा केली की ती तात्पुरती शमते. ‘अस्वस्थ वाटले की पी, बरे वाटेल’ हा धडा मेंदू दर वेळी नव्याने गिरवतो. हजारो वेळा गिरवलेला हा धडा इतका पक्का होतो, की हात पेल्याकडे गेल्यावरच माणसाला भान येते.

सजगतेचा सराव इथे काय करतो?

निमित्त आणि कृती यांच्यामध्ये काही क्षणांची जागा तयार करणे, हे या सरावाचे काम. तलफ दाबायची नाही आणि तिच्यामागे जायचेही नाही. ती शरीरात कुठे जाणवते, घसा कोरडा पडतो का, छातीत धडधडते का, मनात कोणते विचार येतात, याकडे फक्त पाहायचे. तलफ लाटेसारखी चढते, टोक गाठते आणि ओसरते. बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत तिचा जोर कमी होतो. लाटेशी न झुंजता तिच्यावर तरंगत राहण्याच्या या तंत्राला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी ‘अर्ज सर्फिंग’ असे नाव दिले.

यात दुसरा भाग आहे तो स्वतःला दूषणे न देण्याचा. एकदा घसरल्यावर ‘आता सगळे संपलेच’ असे मानून पुन्हा पूर्ण व्यसनाकडे वळणारे अनेक असतात. घसरण झाली हे मान्य करून तिथेच थांबणे आणि मदत मागणे, हेही या सरावात शिकवले जाते.

ही पद्धत कुठून आली?

सजगतेची कल्पना बौद्ध ध्यानपरंपरेतील आहे. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट वेदना आणि ताणतणाव असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा धर्मनिरपेक्ष अभ्यासक्रम सुरू केला. व्यसनमुक्तीशी या परंपरेचा संबंध जुळला, त्याला महाराष्ट्राशी जोडणारा एक धागा आहे. सत्यनारायण गोएंका यांनी शिकवलेल्या आणि इगतपुरीचे धम्मगिरी हे ज्याचे प्रमुख केंद्र आहे, त्या विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे १९९०च्या दशकात आधी तिहार आणि नंतर सिएटलजवळच्या एका तुरुंगात झाली. मार्लाट आणि सारा बोवेन यांच्या चमूने सिएटलच्या कैद्यांचा अभ्यास केला. शिबिर केलेल्या कैद्यांमध्ये सुटकेनंतर तीन महिन्यांनी दारू, गांजा आणि क्रॅक कोकेनचा वापर शिबिर न केलेल्यांपेक्षा कमी आढळला. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक मर्यादा होती. कैद्यांनी शिबिर स्वतःहून निवडले होते. त्यामुळे फरक शिबिराचा की मुळातल्या इच्छेचा, हे ठामपणे सांगता येत नव्हते.

पुढे याच चमूने व्यसन उलटू नये यासाठी आठ आठवड्यांचा गट-अभ्यासक्रम तयार केला. आठवड्यातून एकदा दोन तासांचे सत्र आणि रोज घरी सराव, असे त्याचे स्वरूप आहे. सुरुवातीचे उपचार पूर्ण झालेल्यांसाठी तो आहे.

पुरावा काय सांगतो?

बोवेन यांच्या चमूने २०१४ मध्ये २८६ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. या वेळी सहभागींची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत केली होती. सहा महिन्यांनंतर सजगतेचा गट आणि घसरण रोखण्याचे नेहमीचे प्रशिक्षण घेतलेला गट, दोन्ही सर्वसाधारण उपचारांपेक्षा सरस ठरले. पहिला अमली पदार्थ हाती येण्याचा क्षण लांबवण्यात तर नेहमीचे प्रशिक्षणच पुढे होते. मात्र वर्षभरानंतर नशेचे दिवस आणि अतिमद्यपान सजगतेच्या गटात सर्वांत कमी होते. म्हणजे या सरावाचा लाभ सावकाश दिसतो.

धूम्रपानाबाबत २०११ मधील ८८ जणांच्या चाचणीत १७ आठवड्यांनंतर सजगतेच्या गटातील ३१ टक्के जण सिगारेटपासून दूर होते, तर प्रचलित कार्यक्रमाच्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. जुनाट वेदनांसाठी दिलेल्या अफूजन्य गोळ्यांचा गैरवापर करणाऱ्या २५० जणांवरील २०२२ च्या चाचणीत नऊ महिन्यांनंतर सजगतेच्या गटातील ४५ टक्के, तर आधारगटातील २४ टक्के लोकांचा गैरवापर थांबल्याचे दिसले.

एकेका चाचणीवरून हुरळून जाता येत नाही. २०२१ मध्ये कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात अशा ४० चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. इतर उपचारांच्या तुलनेत नशेचे दिवस किंचित कमी होऊ शकतात, पण काहीच उपचार न घेण्याच्या तुलनेत परिणामाबाबतचा पुरावा अनिश्चित आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. थोडक्यात, हा जोडउपचार आहे, रामबाण नव्हे.

मग धोका कुठे आहे?

सर्वांत मोठा धोका ध्यानाच्या भरवशावर औषधे किंवा डॉक्टर टाळण्यात आहे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर आणि ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. अशा वेळी शांत बसून श्वास पाहणे हा उपाय नाही. रुग्णालयच गाठावे लागते. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे मृत्यूचा धोका कमी करतात. ती सोडून केवळ ध्यान करणे घातक ठरू शकते.

तीव्र मानसिक आघात अनुभवलेल्यांना डोळे मिटून बसल्यावर जुन्या आठवणी अंगावर येऊ शकतात. भास-भ्रमाचा आजार असलेल्यांनीही मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय दीर्घ मौनाची शिबिरे करू नयेत.

भारतात याचे महत्त्व का?

‘एम्स’च्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि ५.७ कोटींहून अधिक जणांना त्यासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणते ना कोणते उपचार मिळतात. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांमध्ये एक. देशात एक लाख लोकसंख्येमागे सरासरी एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही.

तज्ज्ञ नसतानाही काम होऊ शकते, हे गोव्याने दाखवले. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना काही सत्रांचे समुपदेशन दिले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३७७ जणांच्या या चाचणीत त्याचा फायदा दिसला. हे सजगतेचे प्रशिक्षण नव्हते. पण गटात शिकवता येणारा, कमी खर्चाचा सराव याच मार्गाने गावपातळीवर नेता येईल का, हा प्रश्न त्यातून पुढे येतो. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांनी उपचारानंतरच्या पाठपुराव्याचे महत्त्व आपल्याकडे केव्हाच रुजवले आहे.

घरी सुरुवात कशी करावी?

आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि आवश्यक असल्यास औषधे. त्यानंतर रोज पाच-दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव. तो तलफ नसताना केला, तरच तलफ आल्यावर उपयोगी पडतो. तलफ आली की थांबायचे, काय जाणवते ते पाहायचे, काही श्वास सावकाश घ्यायचे, लक्ष संपूर्ण शरीराकडे न्यायचे आणि मगच काय करायचे ते ठरवायचे. तेवढ्यात जागा सोडून निघणे किंवा विश्वासातल्या माणसाला फोन लावणे, हाही त्या ठरवण्याचाच भाग आहे. घरच्यांनीही अशा वेळी जाब विचारण्याऐवजी सोबत बसणे अधिक उपयोगाचे ठरते.

व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही, तर मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क हेल्पलाइन उपलब्ध आहे.